रात्रीची धावपळ दिवसाच टाळायची कशी: ठाणे–नवी मुंबईत नव्याने आलेल्या घरांसाठी

रात्री दीड वाजता कॅज्युअल्टीत (रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात) डॉक्टर विचारतात, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" उत्तर येतं, "एक पांढरी छोटी, एक गुलाबी, आणि एक अर्धी मोडून." फाइल गावाला राहिलेली, तिथले डॉक्टर फोन उचलत नाहीत, आणि बीपीची गोळी गेल्या मंगळवारीच संपलेली. अशा बऱ्याच रात्री खरं तर त्या मंगळवारीच टळू शकल्या असत्या. त्यासाठी लागणारी तयारी दोन रविवारांत होते. साहित्य म्हणजे एक वही, बीपीचं मशीन, ताप मोजायचं थर्मामीटर आणि घरात कुणाला शुगर असेल तर ग्लुकोमीटर.

तयारीआधी एक यादी वेगळी काढून ठेवा. या यादीतलं काही झालं तर वही उघडत बसायचं नाही, थेट १०८ किंवा जवळची कॅज्युअल्टी. छातीत दाब आणि घाम, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं (मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण सुरू झालं ती वेळ लिहून घ्या). एक वाक्य पुरं बोलता येणार नाही इतकी धाप. ५ मिनिटांहून जास्त चाललेली फिट. न थांबणारा रक्तस्राव. बेशुद्धी. गरोदरपणात रक्त जाणं. ३ महिन्यांहून लहान बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप. साप चावणं. यात "सकाळी बघू" हा पर्याय नाही.

पहिला रविवार: आजारी नसताना दवाखाने बघून या

नव्या घरात गॅस आणि वायफाय पहिल्या आठवड्यात लागतं. फॅमिली डॉक्टर मात्र पहिल्या तापातच शोधला जातो, तोही रात्री नऊला. चालत जाता येईल असा एक जनरल प्रॅक्टिशनर आधीच ठरवा आणि घरातल्या प्रत्येकाला बरं असताना एकदा दाखवून या. रविवारी संध्याकाळी दवाखाना उघडा असतो का, ओळखीच्या पेशंटला फोनवर सल्ला देता का आणि तुम्ही बाहेरगावी असलात तर कुणाकडे जायचं, हे तीन प्रश्न विचारून घ्या. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि गणपतीच्या सुट्टीत अडकतात.

जोडीला महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र कुठे आहे ते पाहून ठेवा. लहान मुलांचं लसीकरण, गरोदर बाईची नोंद आणि तपासणी, बीपी-शुगर बघणं ही कामं तिथे होतात. मोठ्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात ओपीडीची मुख्य वेळ सकाळची असते. केसपेपरच्या खिडकीवर लवकर पोचलात तर दुपारपर्यंत मोकळे व्हाल. ही वेळ चुकली की माणसं संध्याकाळी कॅज्युअल्टीत येऊन बसतात आणि छातीत दुखणाऱ्याच्या मागे खोकल्यासाठी तीन तास थांबतात.

मग कॅज्युअल्टी. ठाण्यात महापालिकेचं मोठं रुग्णालय म्हणजे कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ आणि ऐरोलीला आहेत. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. याशिवाय घराजवळची दोन खासगी निवडा आणि दिवसा चौकशी करा: रात्री सीटी स्कॅन होतो का? हृदयाची अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) चोवीस तास होते का? लहान मुलांचे डॉक्टर रात्री हजर असतात की बोलावतात? आपला विमा किंवा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना इथे चालते का? ज्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी होत नाही तिथे हार्ट अॅटॅकचा पेशंट नेला की दुसऱ्या गाडीची वाट बघण्यात मोलाचा वेळ जातो.

वाटेचा अंदाजही घरी बसून बांधू नका. कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंतचा रस्ता रविवारी सकाळी एक असतो आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला दुसराच. घोडबंदर रोडवर दुभाजक ओलांडायला यू-टर्न कुठे आहे, यावरही जवळचं रुग्णालय कोणतं ते ठरतं. नकाशावर समोर दिसणारं रुग्णालय रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला असू शकतं.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० किंवा त्याहून जास्त वयाच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. आधार कार्डावरचं वय आणि मोबाइल नंबर बरोबर आहे का ते आधी तपासा. काम अडतं ते बहुधा इथेच.

पत्ता सांगायची तालीम

हे हास्यास्पद वाटेल, पण नवी मुंबईत अॅम्ब्युलन्सची गाडी चुकते ती पत्त्यामुळे. "सेक्टर १०" वाशीत आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे, नेरूळमध्ये आहे आणि खारघरमध्येही आहे. म्हणून आधी नोडचं (वाशी, नेरूळ, खारघर अशा भागाचं) नाव, मग सेक्टर, मग प्लॉट नंबर, मग सोसायटी. दुसरी अडचण जिल्ह्याची. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. सगळ्यालाच "नवी मुंबई" म्हणायची सवय असल्यामुळे फोनवर जिल्हा विचारला की नवा माणूस गडबडतो.

एक कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. त्यावर अशा शब्दांत लिहा की शेजारचा मुलगाही वाचून फोन करू शकेल:

"जिल्हा रायगड, खारघर, सेक्टर अमुक, प्लॉट नंबर तमुक, सोसायटीचं नाव, बी विंग, सातवा मजला, ७०३. खूण: शाळेचं मागचं गेट. गाडी मागच्या गेटने आणा, पुढच्या गेटची कमान बुटकी आहे."

१०८ची सेवा मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे. फोनवर गाडी कुठून निघतेय आणि कुठे नेणार आहे, ते विचारून घ्या. वेळ लागणार असेल तर दुसरी सोय तिथल्या तिथे करता येते. म्हणूनच जवळच्या एका खासगी अॅम्ब्युलन्सचा नंबर त्याच कागदावर हवा.

टॉवरमध्ये राहत असाल तर वॉचमनला विचारा की स्ट्रेचर कुठल्या लिफ्टमध्ये मावतं. साध्या लिफ्टमध्ये आडवं स्ट्रेचर शिरत नाही, सर्व्हिस लिफ्टची किल्ली रात्री कुणाकडे असते ते माहीत हवं. घणसोली, कोपरखैरणे, दिवे-ऐरोलीच्या गावठाणात घर असेल तर गाडी गल्लीच्या तोंडापर्यंतच येते. तिथून आजोबांना खुर्चीत बसवून आणायला दोन तगडे हात आणि हात असलेली एक मजबूत प्लास्टिकची खुर्ची लागते. कुणाला हाक मारायची ते आधी ठरवा.

एका पानाची माहिती

फाइल जाडजूड असते आणि रात्री ती कुणी वाचत नाही. एकच पान करा: नाव, वय, रक्तगट, आजार आणि कुठल्या वर्षापासून, झालेली ऑपरेशनं, कशाची अॅलर्जी, आणि चालू औषधं. औषधाचं कंपनीचं नाव लिहिलं तरी त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नावही लिहा, किती मिलिग्रॅम आणि किती वाजता तेही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल पेनने सर्वांत वर. डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच कळायला हवं. सोबत शेवटचा ईसीजी. हृदयरोग्याचा ईसीजी जन्मभर थोडा वेगळा दिसू शकतो, जुना समोर असला की नवीन काय झालं ते लगेच कळतं. नसला तर कधी कधी केवळ खात्रीसाठी रात्रभर ठेवून घ्यावं लागतं. पानाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

दुसरा रविवार: गोळ्यांचा हिशोब

सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

गोळ्या एकदम संपत नाहीत. एक स्ट्रिप १० गोळ्यांची, दुसरी १५ची. आईची बीपीची गोळी दिवसाला १, स्ट्रिप १५ची: दोन स्ट्रिपांत ३० दिवस. शुगरची दिवसाला २, स्ट्रिप १०ची: महिन्याला ६ स्ट्रिपा. थायरॉइडची बाटली १००ची: तीन महिने आणि वर १० दिवस. तिन्ही वेगवेगळ्या तारखांना संपतात आणि मेडिकलमध्ये "सगळंच द्या" म्हटलं की एक जास्त येते, एक राहते. यावर उपाय म्हणजे एकदा सगळं टेबलावर ओतून मोजा. प्रत्येक औषध किती दिवस पुरेल ते वहीत मांडा. मग सर्वांत जास्त दिवस पुरणाऱ्या गोळीइतक्या बाकीच्या गोळ्या विकत घ्या, म्हणजे सगळ्या एकाच दिवशी संपतील. त्या तारखेच्या ७ दिवस आधीचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा. तो खरेदीचा दिवस.

सात दिवस का? चिठ्ठी जुनी झाली म्हणून मेडिकलवाला औषध नाकारू शकतो, आणि फिटच्या व झोपेच्या काही गोळ्यांबाबत तर ताज्या चिठ्ठीशिवाय तो देऊच शकत नाही. त्या कंपनीचा माल संपलेला असतो. डॉक्टर सुट्टीवर असतात. जुलैत दोन दिवस पाऊस कोसळला आणि लोकल बंद पडली की होलसेलवाल्याची गाडीही येत नाही. फिटची गोळी एखाद-दोन दिवस चुकली तरी फिट परत येऊ शकते, बीटा-ब्लॉकर (नाडी संथ करणाऱ्या) गटातली बीपीची गोळी अचानक बंद केली तर नाडी आणि बीपी उसळतं. या दोन औषधांचा साठा १५ दिवसांचा ठेवा.

कंपनी बदलून मिळाली तर डबी भरण्याआधी मूळ नाव जुळवून बघा. जुनी स्ट्रिप संपलेली नसते, नवी वेगळ्या रंगाची येते आणि आजोबा दोन्ही घेतात. चक्कर येऊन पडण्यामागे हे कारण वरचेवर निघतं. सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या जनऔषधी केंद्रातून आणताना तर हमखास वेगळं पाकीट येतं. औषध तेच, किंमत बरीच कमी, फक्त जुनी स्ट्रिप बाजूला काढा.

दम्याच्या पंपाचा हिशोब वेगळा. रोजच्या पंपात १२० मात्रा आणि दिवसाला ४ फवारे असतील तर तो ३० दिवसांत संपला. पंप हलवून आवाज ऐकणं फसवं आहे, औषध संपल्यावरही आतला वायू फुस्स करत बाहेर येत राहतो. आकडा दाखवणारा पंप नसेल तर सुरू केल्याची आणि संपण्याची तारीख मार्करने त्यावरच लिहा. तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनदाहून जास्त लागू लागला तर दमा ताब्यात नाही. तेव्हाच, दिवसा, डॉक्टरकडे जा. दोन्ही पंप स्पेसर (पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं) लावून घ्या. नुसता तोंडात मारला की बरंचसं औषध घशात चिकटतं. बांधकामाची धूळ आणि हिवाळ्यातली सकाळची दाट हवा दोन्ही शहरांत आहे, तेव्हा दिवाळीच्या आधी पंपाचा साठा बघा.

शरीर आधी कळवतं ते ऐकायचं कसं

बीपी. मशीन लावण्याआधी ५ मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा नको, लघवी करून या. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. जिना चढून आल्या आल्या १७० दिसलं म्हणून रात्री रिक्षा काढायची गरज नसते. त्रास काही नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा आणि सकाळी डॉक्टरांना आकडे दाखवा. वारंवार १८०/१२० किंवा वर येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. त्यासोबत छातीत दुखणं, धाप, अंधुक दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं असेल तर कॅज्युअल्टी. जिभेखाली कॅप्सूल फोडून बीपी झटकन उतरवण्याचा जुना उपाय करू नका, एकदम उतरलेल्या बीपीने मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू शकतो.

शुगर. रात्रीच्या धावपळीला वाढलेल्या शुगरइतकीच उतरलेली शुगर कारण असते. गोळी घेतली आणि जेवण राहिलं, किंवा आषाढीचा उपास धरला आणि गोळी नेहमीची. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं की मोजा. ७०च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुगर वर आली की पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किट द्या. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी उतरलेली शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरांना त्याच वेळी फोन करा. नवरात्र, श्रावणी सोमवार, एकादशी यांच्या आठ दिवस आधी गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

हृदय कमकुवत असलेल्यांनी रोज सकाळी लघवी करून, चहाआधी, त्याच कपड्यांत वजन करावं. तीन दिवसांत २ किलो वाढलं, पायाला सूज आली किंवा एका उशीऐवजी दोन लागू लागल्या तर पाणी साठतंय. हा फोन दुपारी केला तर अनेकदा एक गोळी वाढवून भागतं. तोच चौथ्या रात्रीपर्यंत लांबला तर ऑक्सिजन लावावा लागतो. अशा पेशंटला "अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा" हा आग्रह तर धरूच नये. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं.

ताप, जुलाब आणि पावसाळा

पॅरासिटॅमॉलचं सिरप वेगवेगळ्या तीव्रतेचं मिळतं: ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळांसाठी थेंब, ज्यांत १ मिलीतच १०० मिलिग्रॅम. "एक चमचा" हे माप म्हणूनच धोक्याचं. मुलाच्या वजनानुसार दर किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये निदान ४ ते ६ तास, दिवसात ४ मात्रांहून जास्त नाही. आपल्या मुलासाठी किती मिली होतं ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन बाटलीवर चिकटवा, वजन वाढलं की बदला.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यासाठी असतं, लहान २०० मिलीसाठी. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होऊन मुलाची तब्येत आणखी बिघडते. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा आणि चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करा. एकदम ग्लासभर दिलं की ते परत बाहेर येतं आणि सगळे घाबरून दवाखाना गाठतात. मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले, ६ ते ८ तास लघवी नाही किंवा शौचात रक्त दिसलं तर मात्र थांबू नका.

जुलै ते ऑक्टोबरमध्ये ताप आला की दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. (हृदयरोग्याची रोजची अॅस्पिरिनही डॉक्टरांना विचारूनच थांबवायची.) डेंग्यूत ताप उतरतो तेच दिवस अवघड असतात: पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीचा थकवा. लोक ताप उतरला म्हणून निर्धास्त होतात आणि याच दिवसांत गाफील राहतात. साचलेल्या पाण्यातून चालत आलात आणि पायाला जखम होती, तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी लेप्टोच्या (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, तेव्हा ज्येष्ठांची फ्लूची लस मेअखेरपर्यंत झालेली बरी.

कुत्रा चावला तर नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा, हळद-चुना नको, आणि त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन घ्या. पुढच्या तारखा केसपेपरवर मिळतात, त्या कॅलेंडरवर उतरवा. तिसरं-चौथं इंजेक्शन विसरणारेच जास्त.

डिस्चार्जनंतरचा पहिला आठवडा

घरी आलेला पेशंट याच आठवड्यात पुन्हा अॅडमिट होण्याची भीती जास्त. डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन वॉर्डमधल्या डॉक्टरांना पलंगापाशीच विचारा: जुन्यातल्या कुठल्या गोळ्या बंद, कुठल्या चालू, कुठल्यांची मात्रा बदलली? बंद झालेल्या स्ट्रिपा घरी आल्या आल्या कपाटातून बाहेर काढा. पुन्हा दाखवायची तारीख आणि रक्त तपासणी कुठे करायची ते तिथेच ठरवा. बिलाच्या गडबडीत चिठ्ठी खिशात जाते आणि औषध दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणलं जातं, म्हणजे मधल्या तीन-चार मात्रा बुडाल्या. म्हणून औषधं घेऊनच गाडीत बसा.

बाथरूममध्ये कमोडशेजारी भिंतीत बसवलेला स्टीलचा दांडा लावा. टॉवेलचा रॉड माणसाचा भार घेत नाही, उलट त्याच्यासकट माणूस खाली येतो. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्री एक मंद दिवा लावून ठेवा आणि पायपुसणं मागून रबर असलेलं घ्या.

दाराआडचा कागद आणि एका पानाची माहिती दर वेळी औषध बदललं की नव्याने लिहा, खाडाखोड करू नका. कोपऱ्यात तारीख टाका आणि जुनं पान फाडून टाका. दोन पानं सापडली तर कॅज्युअल्टीत डॉक्टरांना दोन्ही खोटी धरावी लागतात.